अखंड ॲक्सलचा सोस आणि त्याची किंमत

अहिल्यानगर जिल्ह्याची, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरची, भूमी वाहनांची परीक्षा दोन तऱ्हांनी घेते. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा खडक, घाटघर-रतनवाडीचा धुवाधार पाऊस आणि ओढ्यांनी खरवडलेल्या वाटा. उत्तरेला व पूर्वेला प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन. पावसाळ्यात उसाच्या फडाकडे जाणाऱ्या चाकोरीत ट्रॅक्टरचीही दमछाक व्हावी अशी. या दोन्ही ठिकाणी चारही चाकांना शक्ती पुरवणारी पिकअप ही चैन नसून गरज असते. अशी पिकअप दहा-पंधरा वर्षांची झाली, पुढच्या चाकांखालचे सांधे खडखडू लागले, की एक सल्ला हमखास कानी पडतो : ‘हे नाजूक प्रकरण काढून टाका आणि जुन्या जीपचा अखंड ॲक्सल बसवा.’

सल्ला ऐकायला सोपा वाटतो. जुन्या जीपवर अनेकांची श्रद्धा असल्यामुळे तो पटतोही चटकन. प्रत्यक्षात मात्र हा एक सुटा भाग काढून दुसरा बसवण्याचा प्रकार नव्हे. पुढचा ॲक्सल बदलला की स्टिअरिंग, ब्रेक, पाटे, शक्ती वाहून नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि गाडीची उंची या सगळ्यांचे गणित नव्याने मांडावे लागते. आणि कायद्याच्या दृष्टीने ती गाडी नोंदणीपुस्तकातली गाडी राहते का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. विशेष म्हणजे या शेवटच्या प्रश्नाचा एक धागा नगर शहरातच येऊन पोहोचतो.

प्रथम मूळ फरक समजून घेऊ. अखंड ॲक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेली पोलादी नळी. तिच्या पोटात डिफरन्शियलचे दातेरी चक्र आणि चाकांना फिरवणारे दोन दांडे असतात. ही सबंध नळी दोन पाट्यांवर किंवा स्प्रिंगांवर तोललेली असते. एक चाक दगडावर चढले की नळी तिरपी होते आणि दुसरे चाक आपोआप खाली रेटले जाते. बैलगाडीचा आस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ही नळीच नसते. डिफरन्शियल चेसिसला घट्ट बांधलेला असतो, त्यातून दोन्ही बाजूंना आखूड दांडे निघतात आणि त्यांच्या टोकांना सर्व दिशांनी वळू शकणारे सांधे असतात. प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन बाहूंनी धरलेले असते व ते आपापले वर-खाली होते. भारतीय पिकअपमध्ये या बाहूंना तोलण्यासाठी बहुधा टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगसारखे काम करणारा पोलादी गज, वापरण्यात आला.

दोन्ही रचनांचे गुणदोष एकाच प्रसंगात दिसतात. समजा, गाडी वेगाने जाताना पुढचे डावे चाक खड्ड्यात आपटले. स्वतंत्र रचनेत तो धक्का बऱ्याच अंशी डाव्या चाकापुरता राहतो; अखंड ॲक्सलमध्ये तो नळीतून उजव्या चाकापर्यंत जातो आणि चालकाच्या हातातले चक्र हिसका देते. नळी, डिफरन्शियल आणि चाके असा जड ऐवज एकत्र उसळत असल्याने टायरला जमीन धरून ठेवणेही कठीण होते. आता तीच गाडी रतनवाडीच्या बाजूच्या एखाद्या ओढ्यात गोटे तुडवत माणसाच्या चालीने निघाली आहे असे समजा. इथे अखंड ॲक्सलची बाजी आहे. त्याची चाके एकमेकांना खाली दाबत जमिनीला चिकटून राहतात. शिवाय डिफरन्शियलचा गोळा नळीतच असल्याने तो जमिनीपासून नेहमी ठरावीक उंचीवरच असतो. ती उंची टायरच्या आकारावर अवलंबून असते, पाटे किती दबले यावर नाही. स्वतंत्र रचनेत गाडी दचकून खाली बसली की चेसिसबरोबर डिफरन्शियलही खाली येतो आणि नेमका त्याच क्षणी दगडाला भिडतो.

याचा अर्थ एक रचना ‘मजबूत’ आणि दुसरी ‘तकलादू’ असा घेतला जातो, तो मात्र बरोबर नाही. अमेरिकी लष्कराच्या हमवी गाडीची चारही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत; चाकांच्या तुंब्यात दातेरी चक्रे बसवून तिचा तळ सुमारे सोळा इंच उंच ठेवण्यात आला. नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचा, अर्थात व्हीआरडीईचा, सहभाग असलेले आठ चाकांचे चिलखती वाहन २०१४ च्या डिफेक्स्पोमध्ये दिसले होते. त्यातही स्वतंत्र सस्पेन्शनच आहे. ज्या सैन्याला खडबडीत मुलुखातून वेगाने जायचे असते, ते या रचनेकडे वळते. मर्सिडीजच्या जी-क्लासने १९७९ पासून जपलेला पुढचा अखंड ॲक्सल २०१८ मध्ये सोडला. लँड रोव्हर डिफेंडरच्या नव्या अवतारातही तो उरला नाही. दुसरीकडे जीप रँग्लर आणि सुझुकीची जिम्नी त्याला धरून आहेत, कारण त्यांचा ग्राहक संथ चालीने दगड चढणारा आहे. गाडी कशासाठी हवी, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

मग जुन्या पिकअपमध्ये ॲक्सल बदलण्याची टूम निघाली कुठून? तिचे मूळ प्रामुख्याने टोयोटाच्या पिकअपमध्ये सापडते. अमेरिकेत १९७९ ते १९८५ या काळात विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढे अखंड ॲक्सल होता. १९८६ च्या मॉडेलपासून कंपनीने तिथे टॉर्शन बारवरचे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. रस्त्यावर गाडी अधिक सुखद झाली, पण डोंगर-दऱ्यांत भटकणारे हळहळले. त्यांनी भंगारातून जुन्या गाड्यांचे ॲक्सल आणून नव्या पिकअपखाली बसवायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : दोन्ही पिढ्या एकाच कंपनीच्या व एकाच घराण्याच्या होत्या, त्यामुळे पुष्कळ भाग जुळत होते आणि पुढे पाटे टांगण्याचे तयार संचही बाजारात आले. आपल्याकडे ही सोय नाही. इथे प्रत्येक गाडी म्हणजे नवा प्रयोग असतो.

भारतातली कथा थोडी निराळी आहे. १९४७ पासून महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची अनेक दशके आपल्याकडे ‘फोर व्हील’ म्हणजे पुढे-मागे अखंड ॲक्सल व चार पाटे हेच समीकरण होते. एमएम ५४० आणि एमएम ५५० याच वंशातल्या. जबलपूरच्या वाहन निर्मिती कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात तयार झालेली जोंगा हे निसान पेट्रोलचे भारतीय रूप. तिलाही हीच रचना होती. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी तशीच. चिलखती दलाचे केंद्र आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र ज्या गावात आहे, त्या नगरकरांना जोंगा आणि जिप्सी या जणू घरच्या गाड्या. नव्वदीच्या दशकानंतर मात्र बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी या घराण्यांबरोबर पुढचे स्वतंत्र सस्पेन्शन रूढ झाले. शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटांच्या झेनॉन या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपना पुढे टॉर्शन बार आणि मागे पाट्यांवरचा अखंड ॲक्सल अशी मिश्र रचना होती.

तुलनेसाठी सर्वात बोलके उदाहरण २०१० साली आलेल्या महिंद्रा थारचे. एकाच नावाने दोन स्वभावाच्या गाड्या विकल्या जात होत्या. जुन्या धाटणीच्या डीआय इंजिनाच्या थारला पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे होते. सीआरडीई इंजिनाच्या थारला टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन. ग्राहकांना सीआरडीईचे दमदार इंजिन हवे होते आणि डीआयचा पुढचा ॲक्सलही हवा होता. साहजिकच हौशी मंडळींनी दोहोंची सांगड घालण्याचा घाट घातला आणि ॲक्सल बदलण्याचे भारतीय प्रयोग मुख्यत: या गाडीवर झाले. पिकअपवाल्यांनी तो धडा तिथूनच उचलला.

वेल्डिंगच्या ठिणग्यांपलीकडे काय असते

गॅरेजमध्ये हे काम कसे होते, हे जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे. कारण खरे धोके तिथेच दडलेले आहेत. प्रथम स्वतंत्र रचनेचे बाहू, टॉर्शन बार, डिफरन्शियल आणि त्यांना धरणारे पोलादी कंस चेसिसपासून कापून काढावे लागतात. हे कंस केवळ चाके धरत नाहीत, तर चेसिसच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी जखडण्याचे कामही करतात. ते काढले की त्या जागी नवा आडवा दांडा बसवून चेसिसचा ताठपणा परत आणावा लागतो. त्यानंतर पाट्यांसाठी नवे कंस आणि शॅकल वेल्ड करायचे. गाडीचा पुढचा सगळा भार, डिझेल इंजिनासकट, या चार जोडांवर पेलला जाणार असतो. वरून सुबक दिसणारा वेल्ड आत शिरलेला नसेल, तर तो कुठे आणि कधी सुटेल हे सांगता येत नाही. उघड्यावर, गंजलेल्या पत्र्यावर घाईने मारलेला टाका आणि जाडीनुसार करंट जुळवून, धातू साफ करून केलेला जोड यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

दुसरा प्रश्न डिफरन्शियलच्या बाजूचा. पुढच्या ॲक्सलचा गोळा मधोमध नसतो; कुठल्या गाडीत तो डावीकडे असतो, तर कुठल्या गाडीत उजवीकडे. ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला हा गोळा हवा. तसे नसेल तर शाफ्ट इंजिनाच्या तेलाच्या टाकीखालून आडवा न्यावा लागेल, आणि ते शक्यच नसते. भंगार बाजारात मिळालेला मजबूत ॲक्सल घरी आणल्यावर तो चुकीच्या बाजूचा निघाला, की पुढच्या सगळ्या तडजोडी तिथून सुरू होतात.

तिसरा प्रश्न दातांच्या प्रमाणाचा. शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते, हे प्रमाण पुढे आणि मागे सारखेच असावे लागते. समजा, मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.७३ आहे आणि जुन्या जीपमधून आणलेल्या पुढच्याचे ४.१०. फरक सुमारे दहा टक्क्यांचा. म्हणजे फोर व्हील लावून गाडी शंभर मीटर गेली, की मागच्या व पुढच्या चाकांमध्ये जवळपास दहा मीटरची तफावत पडायला बघणार. चिखलात चाके घसरून ती तफावत जिरवतील. कोरड्या, पकड असलेल्या जमिनीवर मात्र सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येईल आणि काहीतरी तुटेल. ‘फोर व्हील लावली की गाडी जड होते’ अशी तक्रार पुष्कळदा याच चुकीतून येते.

त्यानंतरचा भाग स्टिअरिंगचा. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही असावी. सायकलचा पुढचा चिमटा किंचित मागे झुकलेला असतो, त्यामुळे हात सोडला तरी सायकल सरळ धावू पाहते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच मागे झुकलेला कोन लागतो. त्याला कॅस्टर म्हणतात. पाट्यांवरच्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तो काही अंशांचाच ठेवला जातो. अखंड ॲक्सलमध्ये अडचण अशी, की चाकांचे टोक आणि डिफरन्शियलचा गोळा एकाच नळीला जोडलेले असतात. कॅस्टर वाढवण्यासाठी नळी मागे फिरवली, की गोळ्याचे तोंड खाली जाते आणि शाफ्टचा सांधा वेडावाकडा कोन घेतो. शाफ्ट सरळ राहावा म्हणून नळी उलट फिरवली, तर कॅस्टर कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. खरा उपाय म्हणजे नळीच्या टोकाचे जोड कापून, चाकांचा कोन वेगळा फिरवून पुन्हा जोडणे. ते लेथ आणि नेमके माप यांचे काम आहे. नुसत्या नजरेचे नाही.

मूळ गाडीचे स्टिअरिंग स्वतंत्र चाकांसाठी बनवलेले असते, तेही निरुपयोगी ठरते. अखंड ॲक्सलला चेसिसवर बसवलेला स्टिअरिंग बॉक्स, तिथून ॲक्सलकडे जाणारा दांडा आणि दोन्ही चाके जोडणारा दुसरा दांडा अशी साखळी लागते. गाडी उंच केली की पहिला दांडा फार तिरपा होतो. मग खड्ड्यात ॲक्सल वर गेला की तो दांडा चाकांना स्वत:च वळवतो. चालकाने चक्र हलवलेले नसते, तरी गाडी बाजूला झेप घेते. त्यात कॅस्टर चुकलेला असेल, किंगपिनचे बेअरिंग ढिले असेल, टायर अवाढव्य असतील, तर एखादा लहानसा खड्डा निमित्त होऊन दोन्ही चाके डावी-उजवीकडे थरथरू लागतात आणि ही थरथर स्वत:च स्वत:ला वाढवत जाते. वेग कमी केल्याखेरीज ती थांबत नाही. पश्चिमेतील चालकांनी तिला मृत्यूचे नाव जोडले आहे. नगर-पुणे महामार्गावर ऐंशीच्या वेगात, मागे ट्रकची रांग असताना हा अनुभव कसा असेल याची कल्पना केलेली बरी.

ब्रेकचे त्याहून सोपे, पण दुर्लक्षित. जुन्या जीपच्या अनेक ॲक्सलना पुढे ड्रम ब्रेक होते. नंतरच्या पिकअपना पुढे डिस्क. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढचे ब्रेक अधिक बलवान लागतात. दीड-दोन टनांच्या भारदस्त पिकअपखाली हलक्या जीपचे ड्रम आले, तर तिने थांबायचे कसे? डिस्क बसवल्या तरी मूळ मास्टर सिलिंडरशी त्यांचे जमणे आवश्यक असते, आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताणली जाणार नाही एवढी ब्रेकची नळी लांब हवी.

शेवटी उंची. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत इंजिन खाली बसवलेले असते, कारण त्याखालून वर-खाली होणारी नळी जात नाही. तिथे अखंड ॲक्सल आला की तो उसळून इंजिनाच्या तेलाच्या टाकीवर आदळू नये म्हणून गाडी काही इंचांनी उचलावीच लागते. उचललेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. मागच्या हौद्यात दुधाचे कॅन किंवा खताची पोती भरून अशी पिकअप वळणाला आली, की ती पूर्वीइतकी स्थिर राहत नाही. हौशी भटके हौदा रिकामा ठेवतात. शेतकऱ्याला तसे करून चालत नाही. ॲक्सल बदलण्याचा सल्ला देणारे आणि घेणारे यांच्या गरजांतला हा फरक क्वचितच कुणी बोलून दाखवतो.

नोंदणीपुस्तक काय म्हणते

समजा, हे सगळे काम एखाद्या निष्णात कारागिराने निर्दोष केले. तरीही कायद्याचा प्रश्न उरतोच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनबदलाला किंवा अपंगांसाठीच्या फेरबदलाला ठरावीक अटींवर मोकळीक आहे. पुढचा ॲक्सल बदलण्याला ती नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला आणि उत्पादकाच्या मूळ नमुन्यापासून दूर जाणारे बदल ग्राह्य नाहीत असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ॲक्सल, स्टिअरिंग, टायर, उंची असे मोजायला बसले, तर यादी लांबते.

मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला योग्यता प्रमाणपत्राचीही अट असते : आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. म्हणजे जुनी पिकअप परिवहन कार्यालयाच्या तपासणीला दरवर्षी उभी राहणार. आणि अपघात झाला, तर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीखाली वाकून पाहणार. न कळवलेल्या मोठ्या बदलाचे कारण दाखवून दावा अडवला जाण्याची शक्यता तिथे उभी राहते. समोरच्या वाहनातील कुणी जखमी झाले असेल, तर हा वाद नुसत्या पैशांचा उरत नाही.

नगरचा जो धागा वर म्हटला, तो इथे जोडला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १२६ प्रमाणे कोणतेही नवे वाहन विक्रीला आणण्यापूर्वी उत्पादकाला त्याचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांच्या यादीत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या व्हीआरडीईचे नाव आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची ही प्रयोगशाळा. तिच्या आवारात वाहने तासन् तास पळवण्याचे, खडबडीत पृष्ठांवर हादरवण्याचे चाचणीमार्ग आहेत. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, स्टिअरिंगला किती जोर लागतो, वळणावर ती कशी वागते या सगळ्यांची मोजणी अशा ठिकाणी होते आणि मगच त्या नमुन्याला मान्यता मिळते. गॅरेजमध्ये ॲक्सल बदलणारा माणूस नकळत ही सगळी मोजणी रद्द करत असतो. नव्या जोडणीचे ब्रेकचे अंतर किती, हे त्याला ठाऊक नसते आणि ते मोजायला त्याच्याकडे साधनही नसते. शिवाय ही मान्यता उत्पादकाच्या नमुन्याला मिळते; एकट्यादुकट्या मालकाने घरी बदललेली गाडी तिथे नेऊन शिक्का मारून आणावा, अशी ती व्यवस्था नाही.

मग ज्याची पिकअप खरोखरच दगडावर अडते, त्याने काय करावे? बहुतेकांची अडचण ॲक्सलची नसतेच. काळ्या मातीत गाडी रुतते ती गुळगुळीत टायरांमुळे, आणि एका बाजूचे चाक गरगर फिरत असताना दुसऱ्याला शक्ती न पोहोचल्यामुळे. महिंद्राने २०१५ मध्ये थारच्या मागच्या ॲक्सलमध्ये आपोआप जखडणारा डिफरन्शियल दिला, तो याच दुखण्यावरचा इलाज होता. कंपनीने मान्य केलेल्या मापाचे, खोल नक्षीचे टायर, चिखलात गरजेपुरता कमी केलेला हवेचा दाब (आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरलेली हवा), तळाला जाड पत्र्याचे संरक्षण आणि सोबत एक भक्कम दोर, एवढ्यावर बहुतेक वाटा पार होतात.

खडखडणाऱ्या पुढच्या चाकांविषयीही थोडे. पंधरा वर्षांत बाहूंचे रबरी बुश फाटतात, बॉल जॉइंट ढिले होतात, सांध्यांवरची रबरी टोपी फाटून आत माती जाते. हे सगळे बदलण्याजोगे भाग आहेत आणि ते बदलल्यावर ‘नाजूक’ ठरवलेली रचना पुन्हा वर्षानुवर्षे चालते. पुष्कळदा तिचा नाजूकपणा मालकानेच ओढवून घेतलेला असतो. गाडी उंच दिसावी म्हणून टॉर्शन बारचा बोल्ट आवळत नेला, की चाके खाली ढकलली जातात, दांड्यांचे सांधे कायम तिरप्या कोनात फिरतात, रबरी टोप्या फाटतात आणि चाकाला खाली जायला वावच उरत नाही. उंची दोन इंचांनी वाढते, पण खड्ड्यातला सस्पेन्शनचा प्रवास तेवढाच घटतो. असा बोल्ट मूळ मापावर आणणे हा कदाचित सर्वात स्वस्त उपचार ठरेल.

आणि ज्याला अखंड ॲक्सलच हवा आहे, त्याने तो कारखान्यातून लागून आलेली गाडी घ्यावी. जुनी डीआय थार, एमएम ५४० किंवा ५५०, आणि २०१८-१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद झालेली जिप्सी वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात अधूनमधून येतात. २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहे. पिकअपचा हौदा या गाड्यांना नाही, हे खरे. पण भार वाहायचा असेल तर मुळात उंच केलेली गाडी उपयोगाची नव्हती. लष्कराच्या लिलावातून फिरलेली जिप्सी किंवा जोंगा घेताना मात्र इंजिन व चेसिसचे क्रमांक, लिलावाची कागदपत्रे आणि परिवहन कार्यालयातील नागरी नोंदणी हे आधी पाहावे. ॲक्सलचे ग्रीस नंतर. महाराष्ट्रात दुसऱ्या राज्याची नोंदणी असलेली गाडी आणल्यास कर आणि ना-हरकत दाखल्याचा खर्च किमतीत धरावा लागतो. जुन्या डिझेल गाडीचे वय पंधरा वर्षांवर गेले असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे की नाही, तेही त्याच दिवशी विचारून घ्यावे.

जाता जाता भटक्यांसाठी एक सूचना. अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसराला १९८६ पासून अभयारण्याचा दर्जा आहे. तिथे रस्ता सोडून ओढ्यात किंवा पठारावर गाडी घालणे हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो, मग पुढचा ॲक्सल कोणताही असो. घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावे डांबरी रस्त्याने जोडलेली आहेत आणि पावसाळ्यातही, दरड कोसळलेली नसल्यास, साधी दोन चाकांवर चालणारी गाडी तिथवर पोहोचते.